ॲलिगेटर चावला, त्याचा नंबर काय?

१ ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेतल्या हॉस्पिटलांना आजारांची नवी कोडयादी वापरणं सक्तीचं झालं. जुन्या यादीत साधारण १४ हजार कोड होते, नवीत ६८ हजारांच्या वर. त्यातला 'डब्ल्यू ५८.०१' म्हणजे ॲलिगेटर चावला. '५८.०२' म्हणजे त्याचा तडाखा बसला, '५८.०३' म्हणजे त्याने चिरडलं. प्रत्येकापुढे एक अक्षर: 'ए' म्हणजे पहिली भेट, 'डी' म्हणजे नंतरची भेट. लोकांनी यथेच्छ थट्टा केली. ॲलिगेटरला दुसऱ्यांदा भेटायला जातं कोण?

पण ही 'भेट' ॲलिगेटरशी नाही, उपचारांशी आहे. जखमेवर मुख्य उपचार चालू असतील तर 'ए', जखम भरत असताना तपासणीला आलात तर 'डी', आणि मागे कायमचं दुखणं राहिलं तर 'एस'.

जखमही साधी नसते. ॲलिगेटर लचका धरून स्वतःभोवती गिरकी घेतो. त्यामुळे मांस फाटतं, हाड मोडतं, कधी अवयवच तुटतो. त्याच्या तोंडात 'एरोमोनास हायड्रोफिला'सारखे गोड्या पाण्यातले जीवाणू असतात. म्हणून डॉक्टर जखम भरपूर पाण्याने धुतात, मेलेलं मांस कापून काढतात, बऱ्याचदा लगेच टाके घालत नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि या जीवाणूंवर चालणारी प्रतिजैविकं देतात.

कागदावर मात्र दोन वेगळे प्रश्न असतात. काय झालं? हाड मोडलं. कशामुळे? ॲलिगेटरमुळे. पहिल्या उत्तराशिवाय विम्याचं बिल पुढे सरकत नाही. दुसरं लिहिण्याची मात्र अमेरिकेत देशभर सक्ती नाही. म्हणजे ज्या कोडवर सगळे हसले, तो कित्येकदा लिहिलाच जात नाही.

हा दुसरा प्रश्न जुना आहे. सतराव्या शतकात लंडनमध्ये मृत्यूंचे साप्ताहिक तक्ते छापले जात. वयस्क बायका घरोघरी जाऊन प्रेत बघत आणि कारण सांगत. १६६२ साली जॉन ग्राँट या कापड-व्यापाऱ्याने हे तक्ते एकत्र करून अभ्यासले. त्यात 'पिसाळलेलं कुत्रं चावलं' होतं, 'घाबरून' होतं, नुसतं 'दात' असंही होतं. आज हसू येतं, पण या विस्कळीत नोंदींतूनच शहर कशाने मरतं हे प्रथम दिसू लागलं.

१८९३ मध्ये फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्टियाँ यांनी देशोदेशी चालेल अशी मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९४८ मध्ये ती नव्याने स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. त्या सहाव्या आवृत्तीत इजेचं स्वरूप आणि इजेचं बाहेरचं कारण यांचे कोड वेगळे केले गेले. फ्लोरिडाच्या ॲलिगेटर-हल्ल्यांच्या नोंदीही १९४८ पासूनच्याच आहेत. संध्याकाळनंतर पाण्यात उतरू नका, ॲलिगेटरला खाऊ घालू नका, असं तिथलं वन्यजीव खातं आज बजावतं. खाऊ घालणं तर गुन्हाच आहे.

जागतिक यादीच्या दहाव्या आवृत्तीत मगर आणि ॲलिगेटर एकाच 'डब्ल्यू ५८'खाली येतात. म्हणजे सांगलीजवळ कृष्णेच्या काठी मगरीने ओढून नेलेला माणूस आणि फ्लोरिडाच्या तळ्यातला माणूस, दोघांचा नंबर एकच.

आपल्याकडे मात्र मगरीपेक्षा साप कितीतरी जास्त माणसं मारतो. घरोघरी विचारून केलेल्या एका मोठ्या अभ्यासाने २०११ साली अंदाज मांडला: भारतात सर्पदंशाने वर्षाला सुमारे ४६ हजार मृत्यू. सरकारी आकडा त्याच्या आसपासही नव्हता. बरीच माणसं हॉस्पिटलपर्यंत पोचलीच नव्हती, म्हणून ती कागदावरही नव्हती. आणि आकडा छोटा दिसला की प्रतिसर्पविषाची मागणीही छोटीच राहते.

तेव्हा 'बदकाचा मार' या कोडवर खुशाल हसा. तोही या यादीत खरंच आहे. पण कधी अपघात झाला आणि केसपेपर लिहिणाऱ्याने 'कशाने लागलं?' असं विचारलं, तर नीट सांगा. पुढच्या माणसाला त्याचा उपयोग होतो.