रतीब, खाडा आणि चिवड्याचा खोका

मागच्या दिवाळीत कळमन्याला घरी गेलो आणि फडताळाच्या वरच्या कप्प्यात पाच खोके सापडले. न फोडलेले. सगळे मीच पाठवलेले. म्हणजे मी कुठले पाठवतोय, पुण्यात बसून एकदा बटण दाबलं होतं, त्यानंतर ते आपले दर महिन्याला जात होते. 'हेल्दी स्नॅक्स'चा खोका, महिन्याला ५९९ रुपये, आठ महिने. तीन आईनं शेजारीपाजारी वाटून टाकले होते, उरलेले पाच तसेच. त्यातल्या दोघांची तारीख उलटून गेलेली.

"फोडले का नाहीत गं?"

"तू येशील तवा मिळून फोडू म्हटलं."

यावर काय बोलणार? गप्प बसलो. पण बाबा गप्प बसणाऱ्यांतले नाहीत. त्यांची सगळी उमेद अडतीच्या दुकानात दिवाणजी म्हणून गेली, आधी इतवारीत आणि मग कळमना मार्केटात. त्यांनी एक खोका फोडला, आईच्या काट्यावर सहाही पाकिटं ठेवली आणि म्हणाले, "दोनशे तीस ग्राम. आता याची पट्टी सांग मले."

ज्यांचा बाजार समितीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी: शेतकऱ्याचा माल विकला गेला की त्याच्या हातात एक कागद पडतो. वजन किती, भाव काय लागला, हमाली किती, तोलाई किती आणि शेवटी हातात किती. ही पट्टी. बाबांच्या जगात पट्टी नसलेला व्यवहार हा व्यवहारच नव्हे.

तर आम्ही पट्टी मांडली. भाजके मखाने, भोपळ्याच्या बिया, नाचणीच्या चकत्या असला ऐवज होता; इतवारीतला चांगल्यातला चांगला माल धरला तरी दीडशेच्या वर जात नव्हता. कुरिअर ८०. खोका, पाकिटं आणि आतलं ते गुळगुळीत चिठोरं मिळून ४०. कर ६० (नमकीनवर तेव्हा १२ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला). झाले ३३०. उरले २६९.

"म्हणजे अडत पंचेचाळीस टक्के," बाबा म्हणाले. "आणि लोकं अडत्याले चोर म्हणते."

किलोचा भाव काढला तर २६०० रुपये पडला. तो आईला सांगितला नाही.

पुण्याला परत येताना गाडीत हाच विषय डोक्यात घोळत होता. हा खोका म्हणजे काही नवीन प्रकरण नाही, हे आपलं जुनंच काहीतरी आहे, असं राहून राहून वाटत होतं. आणि एकदम शब्द सापडला: रतीब!

रतीब मूळचा अरबी, फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला. आधी तो दुधाचा नव्हता, जनावरांचा होता. पागेतल्या घोड्याला, हत्तीखान्यातल्या हत्तीला रोज ठरलेला खुराक तो रतीब. पुढे राजेही गेले आणि हत्तीही गेले, शब्द मात्र गवळ्याच्या किटलीतून आपल्या दारात आला. गंमत म्हणजे या प्रवासात शब्दाची बाजू बदलली. हत्तीला कोणी विचारत नसे, आज भूक आहे का म्हणून. दुधाच्या रतिबात विचारायची सोय झाली, आणि त्या सोयीलाही मराठीत खास शब्द आहे: खाडा. आज गावाला चाललोय, दूध नको. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेवर फुली. महिनाअखेरीला फुल्या मोजायच्या आणि तेवढे पैसे कापायचे. 'कालनिर्णय' १९७३ साली निघालं. त्याच्या चौकटींत एकादशी-चतुर्थीच्या जोडीला दुधाचे खाडे किती घरांनी मांडले असतील, कोण जाणे. गवळी आणि गृहिणी यांचा एवढाच करार, वहीसुद्धा गिऱ्हाइकाच्या भिंतीवर!

आता जरा अमेरिकेत जाऊ. (फुकटात, काळजी नको :-) ) घरपोच खोक्याचा खरा पूर्वज १९२६ सालचा 'बुक ऑफ द मंथ क्लब'. पुस्तक निवडायचं पंचमंडळानं, पाठवायचं क्लबनं. थोड्याच काळात त्यांना एक युक्ती सापडली. या महिन्याचं पुस्तक नको असेल तर तसं कार्ड टाकायचं. नाही टाकलं तर पुस्तक आलंच म्हणून समजा. म्हणजे गिऱ्हाइकाचा आळस हाच होकार. धंद्याच्या इतिहासात इतकी साधी आणि इतकी चालू कल्पना दुसरी क्वचित असेल. खाण्याच्या बाबतीत म्हणाल तर ओरेगॉनमधल्या मेडफर्डचे हॅरी आणि डेव्हिड हे भाऊ. त्यांच्या बागेतली नासपती युरोपातल्या बड्या हॉटेलांत जायची. मंदीत ते गिऱ्हाईक आटलं, तेव्हा १९३४ साली त्यांनी फळं टपालानं थेट घरोघर विकायला काढली आणि त्याच दशकात 'फ्रूट ऑफ द मंथ क्लब' सुरू केला.

हे वाचताना मला आमचं संत्रा मार्केट आठवलं. नागपूर स्टेशनला लागून असलेल्या त्या भागाचं नाव अजून तेच आहे, फळांचा मोठा लिलाव मात्र आता कळमन्यात होतो. हिवाळ्यात अंबिया बहाराची संत्री आली की मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना पेटी पाठवायची, हा नागपुरी घरांचा रिवाज. तोही ठरावीक काळानं जाणारा खोकाच. पण वर्षातून एकदा, फळ चांगलं असेल तर, आणि पैसे पाठवणाऱ्याचे.

टपालाचं आपल्याकडे उलटं होतं. व्हीपीपी १८७७ साली सुरू झाली. पोस्टमन पार्सल घेऊन दारात उभा, पैसे दिले तर हातात, नाही तर परत. प्रकाशकांनी ती वर्षानुवर्षं वापरली. नकार देणं होकाराइतकंच सोपं होतं, आणि नकाराचा भुर्दंड विकणाऱ्याला.

अमेरिकेत कार्डाच्या त्या युक्तीविरुद्ध इतका बोभाटा झाला, की तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला नियम करावा लागला. साल १९७३! कालनिर्णयचंच साल. त्यांना जे सरकारी नियमानं साधावं लागलं ते आमच्या आयांनी पेन्सिलीनं साधलं होतं. (योगायोग आहे, अभिमानाचं काही कारण नाही, तरी झाला.)

स्नॅक्सच्या खोक्याची आजची लाट इंग्लंडच्या 'ग्रेझ'पासून, म्हणजे २००८ च्या सुमारास आली. दाराच्या टपालफटीतून आत सरकेल एवढा चपटा खोका, आत सुकामेवा वगैरेच्या छोट्या वाट्या. ती काढणाऱ्यांतला एक जण आधी पोस्टानं डीव्हीडी भाड्यानं देण्याच्या धंद्यात होता. म्हणजे यांना खाण्यापेक्षा टपाल जास्त कळत होतं. २०१९ मध्ये युनिलिव्हरनं ती कंपनी घेतली. आपल्याकडचे खोके हे याचंच वाण.

आमच्या खोक्यातल्या एका पाकिटामागं बारीक अक्षरात बनवल्याचं ठिकाण नागपूर होतं! म्हणजे तो माल इथून बंगळुरूच्या गोदामात गेला आणि कुरिअरनं परत कळमन्यात आला. आमच्या घराजवळ, जुन्या पारडी नाक्याला, हल्दीरामचं केवढं प्रस्थ. मूळचं बिकानेरचं हे घराणं, त्यातली एक शाखा १९७० च्या आसपास नागपुरात रुजली. ज्या गावाला नमकीन विकायला बाहेरचे लोक येऊन मोठे झाले त्या गावात मी कुरिअरनं नमकीन पाठवत होतो. पोट्टा शिकला म्हणायचं!

आता पट्टीतले ते उरलेले २६९. बाबांना वाटतं तसा तो सगळा नफा नाही, हे मला माझ्या हापिसामुळे माहीत आहे. पहिला खोका निम्म्या किमतीत दिलेला असतो, जाहिरातीचे पैसे असतात, आणि मुख्य म्हणजे बरेच लोक दोन-तीन महिन्यांत सोडून जातात. त्यांना आणायचा खर्च जे विसरून राहिले त्यांच्याकडून निघतो. माझ्यासारख्यांकडून.

बरं, विसरलो असंही नाही. रिझर्व्ह बँकेचा १ ऑक्टोबर २०२१ पासूनचा नियम आहे, की असे आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना आली पाहिजे. मला ती आठही वेळा आली. मी आठही वेळा अंगठ्यानं बाजूला सारली. कारण खोका जातोय तोवर माझं घरच्यांकडे लक्ष आहे, असं मला वाटत होतं. ४७९२ रुपयांत एवढं समाधान तसं स्वस्तच.

बंद करायला गेलो तर चार पडदे. आधी 'थोडी विश्रांती घ्या', मग सवलत, मग एक रडका चेहरा, आणि सगळ्यात शेवटी फिकट करड्या अक्षरांत 'तरीही बंद करा'. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत १३ 'डार्क पॅटर्न' सांगितलेत, त्यात हा सापळा नावानिशी आहे. मला चीड येण्याऐवजी लाज वाटली. असा करडा पडदा काही वर्षांपूर्वी मी स्वतः लिहिलाय, एका ग्राहक कंपनीसाठी. रंग फिकट करायला सांगितला होता, मी केला. चांगला झाला म्हणून शाबासकीही मिळाली.

पूर्वी बाजारात हत्ता पद्धत होती. खरेदीदार आणि अडत्या रुमालाखाली हात घालून बोटं दाबायचे, तोच भाव; शेतकरी बाजूला उभा. उघडा लिलाव आणि पट्टी ही त्याच्यावरची दवा. या नियंत्रित बाजाराची सुरुवात आमच्या वऱ्हाडातली. १८८६ साली कारंज्याचा कापूस बाजार, मग १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस हवा होता हे त्यामागचं कारण, शेतकऱ्याचा कळवळा नंतरचा. राज्याचा आजचा कायदा १९६३ चा. बाजार समित्यांत सगळं आलबेल आहे असं बाबाही म्हणणार नाहीत. पण रुमाल तरी गेला होता. 'आत काय आहे ते सरप्राईज' म्हणणारा खोका बघून बाबांना तोच आठवला.

तर खोका परवडतो का? दूध रोज लागतं म्हणून त्याचा रतीब शोभतो. डबेवाल्यांचं काम १८९० पासून चाललंय, कारण दुपारी भूक लागतेच. चिवडा मात्र मनात आला की खायचा. त्याचा रतीब लावला की तो फडताळात साठतो. परदेशी एकट्या राहणाऱ्याला, जिथं कोपऱ्यावर फरसाणचं दुकान नाही, तिथं दोन-तीन महिने मजा म्हणून घ्यायला हरकत नाही. नवीन चवी कळतात, मलाही नाचणीच्या चकत्या आवडल्या. पण एकेक खोका पैसे देऊन. आणि घेण्याआधी बंद करायचं बटण कुठं आहे ते शोधून ठेवा. ते सापडेना तर खाडा मांडू न देणाऱ्या गवळ्याकडचं दूध समजा.

डिसेंबरात ट्रॅव्हल्सच्या बसनं पुण्याला संत्र्यांची पेटी आली. वर वहीच्या कागदावर पट्टी चिकटवलेली: वजन, भाव, हमाली, बसभाडं. अडतीपुढे शून्य. खाली 'पैसे पाठवणे'. दोन संत्री दबली होती, तसं फोनवर सांगितलं.

"वजा करून पाठव," बाबा म्हणाले.