शालेय पोषण आहार : समज आणि वस्तुस्थिती

दुपारच्या सुट्टीची घंटा होते, शाळेच्या व्हरांड्यात पंगत बसते आणि पातेल्यातली वाफाळती खिचडी ताटांत पडू लागते. लोकांच्या बोलण्यात आजही ‘खिचडी योजना’ म्हणूनच ओळखली जाणारी शालेय पोषण आहाराची योजना केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. २०२१ मध्ये तिचे ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ असे नामकरण झाले. शहरी वाचकाचा या योजनेशी संबंध बहुधा विषबाधेच्या बातमीपुरताच येतो. त्यातून काही समज इतके दृढ झाले आहेत, की ‘शाळेतले खाऊ नकोस’ असे मुलांना बजावणारे पालकही आढळतात. यात नुकसान मुलांचेच होते. म्हणूनच प्रचलित समज वस्तुस्थितीशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

समज : ही केवळ गरिबांच्या मुलांची सोय आहे.

सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या सर्व मुलांसाठी हा आहार आहे. त्यासाठी पालकांच्या उत्पन्नाची अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने प्राथमिक शाळांत कोरड्या धान्याऐवजी शिजवलेले अन्न देणे बंधनकारक केले आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने या आहाराला हक्काचे स्वरूप दिले. शिवाय कुपोषण फक्त झोपडीतच असते असे नाही. २०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षे वयाच्या सुमारे २४ टक्के, तर १० ते १९ वयोगटातील सुमारे २८ टक्के मुलामुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता.

समज : नुसता भातच असतो; पोट भरते, पोषण होत नाही.

निकषांनुसार प्राथमिक वर्गातील मुलासाठी दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल ठरलेले आहे. त्यातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळणे अपेक्षित असते. सहावी ते आठवीसाठी हेच प्रमाण ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने असे आहे. खिचडीला कमी लेखण्याचेही कारण नाही. तांदळातील प्रथिनांत जे घटक कमी पडतात ते डाळ पुरवते आणि डाळीतील उणीव तांदूळ भरून काढतो. वर लिंबू पिळले, तर त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. दोष खिचडीचा नसतो. डाळ पातळ झाली आणि भाजी गायब झाली, की पोषण घटते.

समज : शाळेत जेवल्यावर मुलांना घरी कमी वाढले जाते.

मध्य प्रदेशातील मुलांच्या आहाराचा अभ्यास करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याच्या विरुद्ध चित्र दिसले. शाळेत मिळालेल्या पोषणाचा मोठा भाग मुलांच्या एकूण दैनंदिन आहारात खरोखरीची भर घालत होता. २०२१ मधील एका अभ्यासाने तर लाभ पुढच्या पिढीपर्यंत पोहोचत असल्याचे दाखवून दिले. ज्या स्त्रियांना शालेय वयात हा आहार मिळाला होता, त्यांच्या मुलांची वयाच्या मानाने उंची अधिक चांगली होती.

समज : तांदळात प्लास्टिक मिसळलेले असते.

निराळ्या रंगाचे, पाण्यावर तरंगणारे काही दाणे पाहून ही अफवा पसरली. प्रत्यक्षात ते पोषणमूल्ये वाढविलेल्या तांदळाचे दाणे असतात. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्राने त्यांना दाण्याचा आकार दिला जातो आणि शंभर भाग तांदळात त्यांचा एक भाग मिसळतात. अशा तांदळाने रक्तक्षय कितपत कमी होतो, याबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत. मात्र त्यात प्लास्टिक नसते. हे दाणे निवडून फेकून दिल्यास त्यांतील जीवनसत्त्वेच फेकली जातात.

समज : एवढ्या मोठ्या प्रमाणावर शिजवले, की विषबाधा व्हायचीच.

जुलै २०१३ मध्ये बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन गावात शाळेतील जेवणानंतर २३ मुलांचा मृत्यू झाला. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. म्हणजेच ती दुर्घटना अटळ नव्हती. साठवणुकीतील आणि देखरेखीतील हलगर्जीपणाची ती परिणती होती. शहरांत मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून अन्न येते, तेथे धोका वेगळा असतो. शिजलेला भात तासन्तास कोमट राहिला, तर त्यात बॅसिलस सिरिअससारखे जीवाणू वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम करूनही नाहीसे होत नाही. म्हणून अन्न ६० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात पोहोचणे आणि लगेच वाढले जाणे महत्त्वाचे. मुलांना वाढण्यापूर्वी किमान एका शिक्षकासह दोन-तीन प्रौढांनी अन्नाची चव घ्यावी, असा दंडकही आहे.

हे समज दूर झाले म्हणजे सर्व काही आलबेल आहे, असे मात्र नव्हे. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये आहारात अंडी समाविष्ट झाली; जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी थांबला आणि शाळांना लोकसहभागाकडे पाहावे लागले. अशा निर्णयांवर पालकांनी बोलणे अधिक गरजेचे आहे. २०१५ च्या नियमांनुसार एखाद्या दिवशी आहार मिळाला नाही, तर मुलाला अन्न सुरक्षा भत्ता देय असतो. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे प्रतिनिधी असतात. डाळ वजनाप्रमाणे पडली का, तेल कोठे ठेवले जाते, अन्न किती वाजता शिजले आणि आधी कोणी चाखले, हे प्रश्न तेथे विचारता येतात. अफवेवर विश्वास ठेवून मुलाला पंगतीतून उठवल्याने अन्न सुधारत नाही. या प्रश्नांनी ते सुधारू शकते.