निवासयोग्य भूमीचा शोध : भंडारा जिल्ह्याची साक्ष

जेथे ऊन फार तापत नाही, पूर येत नाही, धरणी हालत नाही आणि वारा घरे उडवीत नाही, अशी जागा राहण्यास कोठे मिळेल, हा प्रश्न अलीकडे पुष्कळांच्या तोंडी ऐकू येतो. नोकरीतून निवृत्त झालेला गृहस्थ तो विचारतो, नवे घर बांधू पाहणारा तरुणही विचारतो. प्रश्न नवा वाटला तरी माणसाने पहिली झोपडी घातली तेव्हापासूनचा तो आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही भंडारा जिल्ह्याचा इतिहास साक्षीस घेत आहोत. याचे कारण, प्रथमदर्शनी हा जिल्हा सौम्य हवेच्या यादीत बसणारा नव्हे.

येथे नवतपा आला की पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. वर्षाकाठी सरासरी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातील बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. वैनगंगा एरवी शांत वाहते. भरली म्हणजे मात्र काठ ओळखत नाही. विजा पडून शेतात माणसे दगावल्याच्या वार्ता दर पावसाळ्यात येतात. असे असूनही या भूमीवर दोन सहस्र वर्षांहून अधिक काळ मनुष्यवस्ती आहे. वैनगंगेच्या तीरावरील पवनी येथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीवर त्या वेळी प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उघडे झाले. नगराभोवतीचा मातीचा जुना तटही तेथे आहे. इतक्या जुन्या काळी लोकांनी येथे नगर वसविले ते हवा सौम्य होती म्हणून खास नव्हे. नदीने पाणी दिले, सुपीक माती दिली आणि दळणवळणाची वाट दिली. या तीन लाभांसाठी त्यांनी उन्हाचा ताप आणि पुराचे भय पत्करले. जागेची निवड म्हणजे लाभ आणि धोका यांचा हिशेब, हा पहिला धडा येथे मिळतो.

या हिशेबाच्या दोन तऱ्हा इतिहासात दिसतात. पहिली तऱ्हा निघून जाण्याची. १८५४ साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ साली मध्यप्रांत स्थापन झाला. नागपूरचा उन्हाळा इंग्रज अधिकाऱ्यांस सोसेना. मग सातपुड्यात, समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंचीवरील पचमढी त्यांनी हेरली आणि तीच पुढे प्रांताची उन्हाळी राजधानी झाली. कागदपत्रे, कारकून आणि शिपाई यांसह सरकार डोंगर चढे व पावसाळ्यात खाली उतरे. ही तऱ्हा चुकीची होती असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याचे पोट धानाच्या बांध्यांत अडकलेले आहे, त्यास ती मोकळी नव्हती, आजही नाही.

दुसरी तऱ्हा राहूनच धोका कमी करण्याची. तिचे उत्तम उदाहरण या भागातील तलाव होत. गोंड राजांच्या काळी कोहळी समाजाने या प्रदेशात तलाव बांधले. चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना त्यांस बरोबर आणले, अशी परंपरा आहे. पूर्वी याच जिल्ह्यात असलेला आणि १ मे १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात गेलेला नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला असे सांगतात. पुढे लोकांनी त्यांस कोलासूर देव मानून पुजले. ज्याने पाणी अडविले त्यास देवत्व द्यावे, यात त्या काळच्या माणसांस कशाची निकड होती ते दिसते.

या तलावांची रचना साधी पण विचारपूर्वक आहे. दोन टेकड्यांमधील खोलगट जागा पाहून तिच्या तोंडावर मातीची पाळ घालावयाची, पाणी सोडण्यास तुडूम ठेवावयाचे, जास्तीचे पाणी निघून जाण्यास सांडवा काढावयाचा आणि पाळीखालच्या उतारावर धानाच्या बांध्या आखावयाच्या. मोठ्या तलावाच्या जोडीस लहान बोड्या असत. रोवणीनंतर पाऊस दडून बसला तरी भारी धान तुडुमाच्या पाण्यावर तगे. पावसाचा लहरीपणा त्यांनी थांबविला नाही. त्या लहरीपणाचा आघात तेवढा बोथट केला.

या व्यवस्थेलाही मर्यादा होत्या, हे सांगितले पाहिजे. १८९६ साली मध्यप्रांतात पाऊस मध्येच थांबला, १८९९ साली तर तो फारच अपुरा पडला. तलावाचे बळ पहिल्या संकटापुरते. पाऊसच नसेल तर तलावही कोरडा. शिवाय पाण्यावर पुढे मालगुजाराचा शब्द चालू लागला आणि ज्याचा शब्द चालत नसे त्याच्या बांधीस पाणी शेवटी मिळे. गतकाळाचे गोडवे गाताना ही बाजू झाकणे इतिहासास धरून होणार नाही.

१९५० चा मालकी हक्क नष्ट करणारा कायदा १९५१ साली अंमलात आला आणि मालगुजारी संपली. ती संपणे न्याय्यच होते. परंतु तलाव सरकारजमा झाले तेव्हा पाळीची डागडुजी कोणी करावी आणि गाळ कोणी काढावा, हा प्रश्न अधांतरी राहिला. कित्येक तलाव गाळाने उथळ झाले, कित्येकांच्या पोटात अतिक्रमणे शिरली. मालक गेला तो योग्यच झाले. पण त्याच्याबरोबर राखणदारही गेला.

नदीकाठची गोष्ट याहून गंभीर आहे. पूर्वीचा गावकरी पुराची खूण पाहून घर बांधी. पण १९८८ साली पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली आणि पुढे अनेक गावांस उठावे लागले. नव्या गावठाणाची जागा ठरविण्याचा मुख्य अधिकार आता त्यांच्या हाती उरला नव्हता. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या बाजूस, मध्यप्रदेशातील संजय सरोवरातून मोठा विसर्ग झाला, वैनगंगा फुगली आणि भंडारा शहराच्या सखल वस्त्या पाण्याखाली गेल्या. आज पुराची रेषा केवळ आभाळ ठरवीत नाही. दूरवर असलेले दरवाजे केव्हा आणि किती उघडतात, यावरही ती ठरते. म्हणून आजच्या घराची जागा निवडणाऱ्याने ढगांबरोबर धरणाकडेही पाहिले पाहिजे, आणि वेळीच सूचना मिळण्याचा हक्क मागितला पाहिजे.

निर्धोक भूमी म्हणून नकाशावर बोट ठेवता येईल अशी जागा आम्हांस आढळत नाही. भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित मानलेल्या मराठवाड्यात १९९३ साली किल्लारी उद्ध्वस्त झाली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. तेव्हा शोध घ्यावयाचा तो कमी धोक्याच्या जागेचा, आणि ती जागा तशीच टिकविणाऱ्या समाजाचा. घर घेताना सखल भाग कोणता, पाण्याची जुनी वाट कोणती, बुजविलेला तलाव कोणता, हे गावातील वृद्धांस विचारावे. त्यानंतर पाळ कोण राखतो, नाला कोण साफ करतो, इशारा कोण देतो, हेही विचारावे. या दुसऱ्या प्रश्नांस जेथे उत्तर मिळते, तेथे उन्हाळा कडक असला तरी राहण्यास हरकत नाही. जेथे ते मिळत नाही, तेथे थंड वाऱ्याच्या झुळुकीवर विसंबून कोणी घर बांधू नये.