श्रमप्रतिष्ठेचा इतिहास आणि थकवा : बाबा आमटे यांच्या मणक्याच्या विकाराच्या संदर्भात

विदर्भाच्या सामाजिक इतिहासात श्रमप्रतिष्ठेची परंपरा ठळकपणे दिसते. तिवसा तालुक्यातील मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम स्थापन केला. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापून वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले. दोन्ही ठिकाणी श्रमाला मोठे मोल होते. मात्र श्रमाचा गौरव करणाऱ्या इतिहासलेखनात थकव्याची नोंद क्वचितच आढळते.

मानेच्या व कमरेच्या मणक्यांची झीज झाल्याने बाबांना उत्तरायुष्यात बसणे अशक्य झाले. शस्त्रक्रियांनंतरही ते एकतर उभे असत किंवा पडून. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून भारत जोडो अभियान निघाले तेव्हा तरुण सायकलींवर होते आणि बाबा सोबतच्या वाहनात आडवे होऊन प्रवास करीत होते. चरित्रकार हा प्रसंग जिद्दीचा नमुना म्हणून सांगतात. तो तसा आहेच. परंतु येथे विश्रांती कामाच्या आड आली नाही, ती कामाचाच भाग झाली, याकडे सहसा लक्ष जात नाही. १९९० मध्ये हेच बाबा नर्मदाकाठी कसरावद येथे राहावयास गेले.

मानेच्या शस्त्रक्रियेचा इतिहास पाहिल्यास थकव्याचा प्रश्न अधिक उलगडतो. गळ्याच्या पुढील बाजूने मणक्यांपर्यंत पोहोचून झिजलेली चकती काढावयाची व तेथे हाडाचा तुकडा बसवावयाचा, ही पद्धती अमेरिकेत स्मिथ व रॉबिन्सन यांनी १९५५ मध्ये आणि क्लोवर्ड यांनी १९५८ मध्ये मांडली. वरची जखम काही आठवड्यांत भरते; मणके सांधले जाण्यास मात्र कित्येक महिने लागतात. दरम्यान पट्ट्याने जखडलेले स्नायू दुबळे होतात, कूस बदलताना झोप मोडते, वेदनाशामक औषधांनी गुंगी येते. दाबला गेलेला मज्जारज्जू तर फारच सावकाश सावरतो, कधी पूर्णपणे सावरतही नाही. रुग्ण थकतो तो यामुळे. त्यात आळसाचा संबंध नाही.

तिवसा परिसरात कापसाचे गाठोडे डोक्यावर वाहणाऱ्या स्त्रीला हा फरक कोण समजावून सांगणार? तिचे टाके सुकलेले घरच्यांना दिसतात. वेचणीचे दिवस तोंडावर असतात, आणि दुपारी अंथरुणावर टेकलेल्या त्या स्त्रीलाच आपण कामचुकार ठरत आहोत, असे वाटू लागते.