मागून घेतलेले घड्याळ

व्यवस्थापन-सल्लागार म्हणजे तुमचेच घड्याळ मागून घेऊन तुम्हाला वेळ सांगणारा आणि जाताना ते खिशात घालून नेणारा माणूस, ही थट्टा अमेरिकेत जुनी आहे. एव्हिस ह्या मोटारी भाड्याने देणाऱ्या कंपनीचे एकेकाळचे प्रमुख रॉबर्ट टाउनसेंड ह्यांच्या १९७० सालच्या 'अप द ऑर्गनायझेशन' ह्या पुस्तकात ती आढळते. २००५ मध्ये मार्टिन किन ह्यांनी आपल्या 'हाउस ऑफ लाइज' ह्या पुस्तकाच्या उपशीर्षकात ती किंचित फिरवून वापरली. त्या पुस्तकावरून त्याच नावाची विनोदी मालिका शोटाईम ह्या अमेरिकी वाहिनीवर ८ जानेवारी २०१२ रोजी सुरू झाली आणि पाच पर्वांनंतर २०१६ मध्ये संपली. डॉन चीडलच्या अभिनयाविषयी फारसे दुमत झाले नाही. २०१३ चा गोल्डन ग्लोब पुरस्कारही त्याला मिळाला. मालिकेविषयी मात्र एकमत कधीच झाले नाही. कुणाला ती चटपटीत आणि धीट वाटली, कुणाला नुसतीच अश्लील. आणि ज्यांना तिच्याकडून उपरोधाची अपेक्षा होती, त्यांना तिचे दात बोथट वाटले.

हा मतभेद केवळ अभिरुचीचा आहे असे मला वाटत नाही. त्याचे मूळ निवेदकाच्या जागेत आहे.

किन ह्यांच्या पुस्तकातील 'मी' हा उतरंडीच्या अगदी तळाशी आहे. दूरचित्रवाणीसाठी लिहिणारा हा माणूस कोलंबिया विद्यापीठातून एमबीए होतो, एका बड्या सल्लागार कंपनीत शिरतो आणि विमाने, हॉटेले व तक्ते ह्यांच्या चरकात सापडतो. तो इतरांना हसतो, पण आधी स्वतःला हसतो. उपरोधाला लागणारे अंतर त्याला त्याच्या क्षुल्लकपणामुळेच आपोआप लाभते. मॅथ्यू कार्नाहन ह्यांनी मालिका रचताना हा तळाचा माणूस काढून टाकला आणि त्याच्या जागी मार्टी कान आणला: चौघांच्या तुकडीचा नायक, वाक्पटू, देखणा, निर्लज्ज. खालून दिसणारे जग एकदम वरून दिसू लागले.

मालिकेची सर्वांत गाजलेली युक्ती ह्याच बदलातून येते. बैठक ऐन रंगात आली की सारे दृश्य गोठते. अशील, सहकारी, हवेत उचललेला पेला, सगळे जागच्या जागी थांबते. आणि मार्टी आपल्याकडे वळून धंद्यातील एखाद्या शब्दाचा खरा अर्थ समजावून सांगतो. आपल्या रंगभूमीला हे नवे नाही. परंतु सूत्रधार सहसा कथेच्या उंबरठ्यावर उभा असतो, मार्टी लुटीत भागीदार आहे, आणि त्याचे गुपित ऐकताना आपणही नकळत त्याच्या बाजूला जाऊन बसतो. फसणाऱ्याची कीव करायला सवड उरत नाही.

इंग्रजी नाटकाच्या विद्यार्थ्याला येथे बेन जॉन्सनचे 'द अल्केमिस्ट' (१६१०) आठवावे. प्लेगच्या भीतीने मालक गाव सोडून गेला आहे. त्याच्या रिकाम्या घरात सटल, फेस आणि डॉल हे त्रिकूट लोकांना सोन्याची आशा लावून लुटते. तेथेही अखेरीस न्याय होत नाही. मालक परततो, लुटीचा माल स्वतःकडे ठेवतो, नोकर असलेल्या फेसला माफ करतो. आणि फेस प्रेक्षकांकडे वळून बोलतो. मग जॉन्सन बोथट का वाटत नाही? माझ्या मते, त्याचे फसणारे भव्य आहेत म्हणून. सर एपिक्युअर मॅमनची हाव ऐकताना आपण थक्क होतो, आणि मग आपल्यालाही तसेच काही हवे असते हे ध्यानात येऊन ओशाळतो. 'हाउस ऑफ लाइज'मध्ये गिऱ्हाईक सारखे बदलते आणि अर्ध्या तासात त्याचा निकाल लागतो. तेवढ्या वेळात कुणाची हाव वाढणार किती! मालिका उथळ असल्याच्या तक्रारीत जे तथ्य आहे ते एवढेच, पण ते आहे.

दुसरी बाजू चीडलमुळे निर्माण होते, आणि ती मूळ पुस्तकात असणे शक्यच नव्हते. गोऱ्यांनी भरलेल्या बैठकीत हा कृष्णवर्णीय सल्लागार जेव्हा काळ थांबवून आपल्याशी बोलतो, तेव्हा त्या जनान्तिकाला आणखी एक अर्थ येतो: मोठ्याने बोलण्याची सोय नसलेल्या माणसाने राखून ठेवलेला हा एकांत आहे. घरी त्याचे निवृत्त मनोविश्लेषक वडील आहेत, आणि मुलगे-मुली ह्यांच्या पोशाखातील सीमारेषा न मानणारा मुलगा रॉस्को. ह्या दोघांपुढे मार्टीची एकही युक्ती चालत नाही. मालिकेतील सर्वांत जिवंत दृश्ये मला तेथेच सापडली.

काळही तिच्या विरोधात होता. २००८ च्या आर्थिक कोसळीची जखम ओली होती, वॉल स्ट्रीटवरचे 'ऑक्युपाय' आंदोलन सप्टेंबर २०११ मध्ये सुरू झाले होते, आणि मालिकेच्या पहिल्याच भागातील गिऱ्हाईक एक बँक होती. प्रेक्षकाला संताप हवा होता. त्याला लाघव मिळाले. त्याच वर्षी जूनमध्ये रजत गुप्ता दोषी ठरले. कोलकात्यात जन्मलेले, दिल्लीच्या आयआयटीत शिकलेले आणि १९९४ ते २००३ मॅकिन्झीचे प्रमुख असलेले हे गृहस्थ आपल्याकडे कित्येक घरांत मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवले जात. गोल्डमन सॅक्सच्या संचालक मंडळातील गुपित त्यांनी बाहेर पोहोचवले होते. मार्टी कानच्या रंगेलपणाशी ह्या सभ्य, संयत अपराधाचे काहीच साम्य नव्हते.

अतिशयोक्तीचा जो आरोप मालिकेवर झाला, तो म्हणूनच मला उलटा वाटतो. लेखकांनी मद्य, शय्या आणि शिव्या ह्यांची अतिशयोक्ती केली. धंद्यातील अनीतीची मात्र त्यांना पुरती कल्पनाच करता आली नाही. २०१७ मध्ये मॅकिन्झीने पर्ड्यू फार्मा ह्या अफूजन्य वेदनाशामक बनवणाऱ्या कंपनीपुढे एक पर्याय मांडला: गोळ्यांमुळे ग्राहकाला अतिमात्रा झाली किंवा व्यसन जडले, तर औषध पुरवणाऱ्या कंपनीला सूट द्यावी. अशा एका 'घटने'मागे १४,८१० डॉलर हा आकडा त्यात होता. २०२० च्या अखेरीस हे उघडकीस आले. २०२१ मध्ये अमेरिकेतील राज्यांशी सुमारे ५७ कोटी डॉलरांची, आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारशी ६५ कोटी डॉलरांची तडजोड मॅकिन्झीला करावी लागली. हे पान हाती धरून मार्टीने दृश्य गोठवले असते आणि 'घटना' ह्या शब्दाचा अर्थ आपल्याला समजावून सांगितला असता, तर आपण हसलो असतो का, हे मला सांगता येत नाही. पण ते पान तयार झाले तेव्हा मालिका संपलेली होती.