उषवदाताची नाव आणि इंदिरानगरचा बोगदा

नाशिकहून मुंबईच्या वाटेला लागले की पाथर्डी फाट्याजवळ त्रिरश्मीचा डोंगर लागतो. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्या लेण्यांशी संबंध तेवढाच, जेवढा महाराष्ट्रातल्या इतर अनेक लेण्यांशी! तिथल्या दहाव्या लेण्यात क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने कोरवून घेतलेले लेख आहेत. ते इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातले. अभ्यासक ते वाचतात ते शक-सातवाहनांच्या झगड्यासाठी, नाहीतर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींच्या व्याजासाठी. पण त्यांतच एक साधीशी गोष्ट नोंदवलेली आहे, आणि ती आपल्या आजच्या विषयाची आहे.

उषवदात आपल्या पुण्यकर्मांची यादी देतो. तीन लक्ष गाई दिल्या, ब्राह्मणांना गावे दिली. हे राजेरजवाड्यांना शोभेल असेच झाले. पुढे तो सांगतो, की इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर आपण विनामूल्य नावा ठेवल्या. नदीच्या दोन्ही काठांवर बसायला निवारा आणि प्यायला पाणी, म्हणजे पाणपोया, यांचीही सोय केली. गोवर्धन, शूर्पारक, भरुकच्छ आणि दशपूर या ठिकाणी उतरायला धर्मशाळा बांधल्या. वाटसरूला पलीकडे सुखरूप पोहोचवणे हे गोदानाच्या पंक्तीला बसणारे पुण्य आहे, असे त्या काळच्या माणसाला वाटत होते. ते त्याने दगडावर कोरून ठेवले.

त्या वाटसरूला भय होते ते नदीचे, श्वापदाचे आणि चोराचिलटांचे. रस्त्याचे भय त्याला नव्हते. बैलगाडीची चाल माणसाच्या चालीहून फारशी वेगळी नसते. घोडेस्वार आला तर त्याची चाहूल दुरून लागे. शतकानुशतके रस्ता हा पायी चालणाऱ्याचाच होता. गाड्या त्यावर आल्या त्या पाहुण्या म्हणून.

हा हिशेब मोटारीने बदलला. 17 ऑगस्ट 1896 रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली सापडून मरण पावली. मोटारीने पादचाऱ्याचा बळी घेतल्याची ब्रिटनमधली ती पहिली नोंद. मोटारीचा वेग किती होता म्हणाल, तर आजची सायकलसुद्धा तिला मागे टाकील! चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, असे पुन्हा कधी घडू नये, अशी आशा बोलून दाखवली होती. त्या आशेचे पुढे काय झाले ते एका आकड्यावरून कळेल. 2022 या एका वर्षात भारतात रस्ते-अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. त्यांतली 32,825 नुसती पायी चालत होती.

आता पुन्हा त्रिरश्मीच्या पायथ्याशी येऊ. डोंगरापासून थोड्याच अंतरावर, वडाळा-पाथर्डीच्या शिवारात, इंदिरानगरची वस्ती वाढली. पलीकडे सिडकोची घरे आणि अंबडची औद्योगिक वसाहत. मधून जातो मुंबई-आग्रा महामार्ग. एकेकाळी गावाबाहेरून जाणारा हा रस्ता, शहर वाढले तसा शहराच्या पोटातून वाहू लागला. कामधंदा एका तीरावर, घर दुसऱ्या तीरावर, असे हजारोंचे झाले. म्हणजे नदी नव्याने आली. तिला पाणी नाही, एवढेच!

ही नदी ओलांडायची कशी? सात मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला धडधाकट माणसाला पाच-सहा सेकंद लागतात, आजीबाईंना सात-आठ. ताशी साठ किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे येते. आजीबाई पलीकडे पोहोचेपर्यंत ती शंभर मीटरहून अधिक अंतर कापते. शिवाय वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. हे गणित चालणाऱ्याच्या डोळ्यांना दिसत नाही. आणि चालवणाऱ्याच्या पायाला, म्हणजे ॲक्सिलरेटरवरच्या पायाला, ते पुष्कळदा उमगत नाही.

नाशिककरांसाठी उपाय झाले नाहीत असे नाही. 2013 साली शहरातून जाणारा सुमारे सहा किलोमीटरचा उड्डाणपूल खुला झाला, आणि लांबची वाहने वरून जाऊ लागली. इंदिरानगरहून गोविंदनगरकडे जायला महामार्गाखालून बोगदा आहे. पण तो बोगदा शहरभर प्रसिद्ध झाला तो वाहनांच्या कोंडीसाठी. एकाच अरुंद तोंडातून मोटारी, रिक्षा, दुचाक्या आणि सायकली जाऊ पाहतात, तेव्हा पायी चालणाऱ्याच्या वाट्याला भिंतीचा कडा येतो. द्वारका चौकात तर खास पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधला. तो वर्षानुवर्षे वापराविना राहिला. लोक जीव मुठीत धरून वरूनच जात राहिले. यात नुसता लोकांचा आडमुठेपणा पाहणे बरोबर नाही. चालणारा माणूस अंतर पावलांनी मोजतो. डोक्यावर बोजा असताना वीस पायऱ्या उतरून, भुयार ओलांडून पुन्हा वीस चढणे त्याला परवडत नाही. उषवदाताची नाव मात्र वाटसरू ज्या काठावर उभा असे, त्या काठाला लागत होती.

कायद्याने अलीकडे या वाटसरूची पुन्हा आठवण ठेवली आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली. अपघातग्रस्ताला सद्भावाने मदत करणाऱ्याला तीत संरक्षण मिळाले. आणि रस्ता सदोष बांधणाऱ्यालाही दंड ठरला. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वापरण्याजोगा, अडथळ्यांवाचून मोकळा पदपथ हा घटनेने दिलेल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. दोन हजार वर्षांपूर्वी जे दात्याचे पुण्य होते, ते आता चालणाऱ्याचा हक्क झाले. हे अंतर लहान नव्हे.

पण हक्क निकालपत्रात असतो आणि माणूस रस्त्यावर. दिवाळीच्या दिवसांत ही गोष्ट विशेष ध्यानात येते. फराळाचे डबे घेऊन शेजारणी निघतात, मुले फटाक्यांच्या दुकानाकडे धावतात, भाऊबिजेला बहिणी येतात. अशा वेळी पदपथावर मांडलेले दुकान, त्याला टेकवून ठेवलेली आपली दुचाकी, पांढऱ्या पट्ट्यांवर आणून थांबवलेली आपली मोटार, यांतले प्रत्येक जण कुणाला तरी रस्त्याच्या प्रवाहात लोटीत असते. नाव ठेवायला राजाचा जावई लागत असेल. पट्ट्यांच्या अलीकडे गाडी थांबवायला तो लागत नाही. पलीकडच्या काठावर कुणाची तरी आई उभी असते. ती येईपर्यंत थांबणे, एवढे पुण्य तुम्हां-आम्हांला आजही जोडता येण्यासारखे आहे.