गिरणीचा भोंगा बंद झाला, निदान कागद तरी राहू द्या

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण जळगाव-धुळ्याच्या माणसानं वाचावी अशी आहे.

परवा आपल्या भागातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो होतो. नाव घेत नाही, कारण प्रश्न एका कॉलेजचा नाही. जिन्याखाली जुन्या पुस्तकांचे गठ्ठे सुतळीनं बांधून ठेवलेले. वर चिठ्ठी : ‘निर्लेखन’. म्हणजे थोड्या दिवसांत रद्दी. मी सहज एक गठ्ठा सोडवला. आत शेअर बाजाराची जुनी डिरेक्टरी, मुंबई सरकारच्या ‘लेबर गॅझेट’चे बांधीव अंक, जनगणनेचं जिल्हा हँडबुक. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, “दहा-बारा वर्षांत एकानंही मागितलं नाही हो. नवीन पुस्तकांना जागा कुठून आणू?”

त्यांचं चूक नाही. मागितलं नाही ते आपणच.

आता या पुस्तकांत असतं काय, ते सांगतो.

आपल्याकडे विप्रोच्या शेअरची गोष्ट पोरासोरांना पाठ आहे. अमळनेरच्या कुणीतरी शेअर घेतले, पेटीत टाकले, विसरला आणि नातू कोट्यधीश झाला. छान. पण पुढे विचारा, “भो, कंपनी निघाली कधी? तेव्हा नाव काय होतं?” की कट्टा गप्प. कंपनीची नोंदणी झाली 29 डिसेंबर 1945 रोजी, नाव ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’. संस्थापक महंमद हाशिम प्रेमजी. अमळनेरला वनस्पती तूप आणि साबण. 1966 मध्ये वडील वारले आणि अझीम प्रेमजी एकविसाव्या वर्षी शिक्षण सोडून कारभार बघायला आले. नावात ‘विप्रो’ आलं ते 1977 मध्ये. म्हणजे 1950 सालच्या डिरेक्टरीत ‘विप्रो’ शोधाल तर हात हलवत परत याल. कंपनीचा इतिहास शोधायचा पहिला नियम हाच : आधी जुनं नाव शोधा.

तेच जिल्ह्याचं. 1906 पर्यंत अख्खा एकच खानदेश जिल्हा होता. मग पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले. जळगाव आणि धुळे ही जिल्ह्यांची नावं त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. जुन्या इंग्रजी पुस्तकांत धुळ्याचं ‘धुलिया’ असतं. हे माहीत नसलं की पोरं अर्ध्या तासात “काही मिळालं नाही सर” म्हणून उठतात.

दुसरी पायरी, कारखाना इथंच का निघाला? त्यासाठी 1880 चं खानदेश गॅझेटियर काढा. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आपल्या काळ्या जमिनीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वेही आली. जळगाव कापसाची मोठी पेठ झालं. युद्ध संपलं, भाव कोसळले, व्यापारी बुडाले. पण पेठ आणि रेल्वे दोन्ही राहिली, आणि 1870 च्या दशकात जळगावला खानदेश मिल उभी राहिली. आज कापसाचा भाव परदेशातल्या बाजारावर का हलतो, असं विचारणाऱ्या शेतकऱ्याच्या पोरानं ही पानं वाचावीत. दीडशे वर्षांपासून हेच चाललंय.

तिसरी पायरी, कारखाना केवढा होता? मुंबईच्या गिरणीमालक संघाचे वार्षिक अहवाल फक्त मुंबईचे नाहीत, देशभरातल्या गिरण्यांचे तक्ते त्यात असतात. गिरणीचं नाव, व्यवस्थापक पेढी, चात्या किती, माग किती, रोज सरासरी कामगार किती. दहा-दहा वर्षांचे आकडे ओळीनं लिहून काढले की गिरणी कधी वाढली, कधी खंगली ते डोळ्यांसमोर दिसतं. “युनियननं गिरणी बुडवली” आणि “मालकानं गिरणी लुटली” ही दोन्ही वाक्यं आपण लहानपणापासून ऐकतो. खरं काय ते आधी या रकान्यांत बघावं, मग भांडावं.

चौथी पायरी, कामगाराचं काय? मालकांचे अहवाल मालकांची बाजू सांगणार. म्हणून ‘लेबर गॅझेट’. 1921 पासून मुंबई सरकारचं लेबर ऑफिस ते काढायचं. त्यात संपांच्या नोंदी असतात : गिरणी कुठली, गाव कुठलं, किती माणसं बाहेर पडली, कधी, कशासाठी, आणि शेवटी काय झालं. ज्याच्या आजोबांनी गिरणीत पाळी केली, त्याला ही एक ओळ एखाद्या पुतळ्याइतकी मोलाची आहे.

आणि शेवट? 1974 च्या कायद्यानं देशातल्या 103 आजारी गिरण्या सरकारनं ताब्यात घेतल्या. आपल्या धुळ्याची आणि चाळीसगावची गिरणीही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. त्या कायद्याला परिशिष्ट जोडलेलं आहे. कुठल्या मालकाला किती रक्कम द्यायची, ते गिरणीनिहाय छापलंय. किती जणांनी वाचलंय?

गंमत बघा. जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजला नाव आहे ते खानदेश मिल चालवणाऱ्या घराण्याचं. अमळनेरच्या प्रताप कॉलेजला नाव आहे प्रताप मिल काढणाऱ्या प्रतापशेठ यांचं. दोन्ही कॉलेजं 1945 ची. म्हणजे गिरणीच्या पैशातून आपली उच्च शिक्षणाची दारं उघडली. त्या शिक्षणानं गिरणीचा हिशेब मांडायला मात्र आपल्याला शिकवलं नाही.

कुणी म्हणेल, आता सगळं मोबाईलवर आहे. काही आहे, खरंय. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल फुकट मिळतात. खासगी कंपन्यांची कागदपत्रं कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर थोडी फी भरून बघता येतात. अनेक कॉलेजांकडे ‘एन-लिस्ट’ची वर्गणी असते, तिचा पासवर्ड ग्रंथपालांकडं मागायचा असतो. ‘शोधगंगा’वर पीएचडीचे प्रबंध आहेत. पण जिन्याखालचा तो गठ्ठा गूगलवर मिळेलच असं नाही. गेला की गेला.

हा फक्त इतिहासाचा छंद आहे असं समजू नका. गेल्या वीस वर्षांत जळगाव जिल्ह्यात पतसंस्था अडचणीत आल्या, म्हाताऱ्या माणसांच्या ठेवी अडकल्या, मोर्चे निघाले. ठेव ठेवताना आपण काय पाहिलं होतं? ऑफिसची फरशी, चेअरमनची गाडी आणि अर्ध्या टक्क्यानं जास्त व्याज. वार्षिक अहवाल आणि ऑडिटचा वर्ग किती जणांनी पाहिला? कंपनी असो, गिरणी असो की पतसंस्था, कागद मागायची आणि वाचायची सवय कॉलेजात लागली नाही, तर ती पुढं लागत नाही. एमआयडीसीत नोकरीला जाणाऱ्या पोरानंही आधी त्या कंपनीचा ताळेबंद बघावा. पगार वेळेवर होईल की नाही, याचा अंदाज त्यात असतो.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं गोळा करत राहिले. 31 डिसेंबर 1926 रोजी ते धुळ्यात गेले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं इथं संशोधन मंडळ उभं राहिलं. पेशव्यांची पत्रं वाचवणारा माणूस आपल्या गावाचा. आपण गिरण्यांचे कागद रद्दीवाल्याला किलोनं देतोय.

त्या कॉलेजात मी एवढंच केलं. प्राचार्यांना अर्ज लिहून दिला : हे गठ्ठे देऊ नका, स्थानिक उद्योगांचं एक वेगळं कपाट करा, यादी करून द्यायला मी येतो. ग्रंथालय समितीच्या पुढच्या बैठकीपर्यंत गठ्ठे थांबलेत. पुढं काय होतं ते कळवीन.

तुम्ही एवढं करा. तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जा आणि यातलं एक पुस्तक मागा. रजिस्टरवर सही करा. मागणी दिसली की पुस्तक वाचतं. आणि घरात गिरणीचा पगाराचा कागद, पास, बोनसची पावती असेल तर फेकू नका. मागं नाव आणि साल लिहून ठेवा.